एक तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो

या वेळी आलेली जवळजवळ सगळी पत्रं अमेरिकेतून आहेत आणि सगळ्यांचा विषय फिरून फिरून एकच आहे, घरातलं कुणीतरी तिथल्या सैन्यात होतं, आता बाहेर आलंय, दारू किंवा ड्रग्जचा प्रॉब्लेम आहे, सरकारकडून दर महिन्याला पैसे येतात आणि ते चार दिवसांत संपतात. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं अर्थातच काढली आहेत. पत्रांत व्हीए हा शब्द सारखा येईल, व्हीए म्हणजे अमेरिकन सरकारचं माजी सैनिकांसाठीचं खातं, त्यांचे दवाखाने, पेन्शन, अपंगत्वाचे पैसे सगळं तेच बघतं.

प्रश्न : माझा नवरा आर्मीत होता, अफगाणिस्तानला दोनदा जाऊन आला. पीटीएसडीसाठी, म्हणजे युद्धाच्या धक्क्यातून होणाऱ्या मानसिक आजारासाठी, व्हीएचं ७० टक्के अपंगत्वाचं रेटिंग आहे, पैसे महिन्याच्या सुरुवातीला बँकेत येतात. एक तारीख जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो कारण त्यानंतरचा आठवडा तो पिण्यातच असतो, आठ तारखेपर्यंत खातं रिकामं आणि भाडं माझ्या पगारातून. मागच्या महिन्यात मी त्याचं कार्ड लपवलं तर एवढं भांडण झालं की शेजारी आले. सासूबाई म्हणतात सगळे पैसे तूच ताब्यात घे, काहीतरी फिड्युशरी का काय असतं ते हो. मी काय करू? — टेक्सासहून एक वाचक

ताई, आधी तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल बोलते, कारण तो खोटा नाहीये. लॉस एंजेलिसच्या व्हीए हॉस्पिटलमध्ये स्किझोफ्रेनिया आणि कोकेन असा दुहेरी त्रास असलेल्या १०५ पुरुषांवर पंधरा आठवडे लक्ष ठेवलं होतं, १९९५ साली ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. कोकेनचा वापर, मनाची बिघडलेली अवस्था आणि हॉस्पिटलमध्ये भरती होणं, हे सगळं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे एक तारखेला अपंगत्वाचे पैसे हातात आले की लगेच, सगळ्यात जास्त होतं. म्हणजे तुम्हाला कॅलेंडर बघून जी भीती वाटते ती डॉक्टरांनी आकड्यात मांडून ठेवलीय, तुम्ही संशयी बायको वगैरे काही नाही.

पण इथेच बरेच जण चुकीच्या गल्लीत वळतात, की पैसा आला म्हणून प्यायला, म्हणजे पैसाच बंद करा. असं नाहीये हो ते. २००० साली रॉबर्ट रोझेनहेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आजार असलेल्या बेघर माजी सैनिकांचा अभ्यास छापला होता, ज्यांना सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे व्हीएहून वेगळ्या, सगळ्या नागरिकांसाठीच्या सरकारी योजनेतले अपंगत्वाचे पैसे सुरू झाले त्यांची राहायची सोय सुधारली, आयुष्य बरं झालं, आणि त्यांचं व्यसन काही वाढलं नाही. त्यामुळे पैसा हा शत्रू नाही, त्याच पैशावर त्याचं घर उभं आहे. सगळे पैसे एकाच दिवशी, एकरकमी, एकट्याच्या हातात आणि समोर काहीच काम नसलेला अख्खा दिवस, हे जे एकत्र येतं ना, तिथे हात घालायचाय.

कार्ड लपवणं का फसलं? कारण ते त्याच्या पाठीमागे झालं. जो माणूस लढाईवर जाऊन आलाय त्याला घरात लहान मुलासारखं वागवलं की तो सगळी ताकद ते कार्ड परत मिळवण्यात घालवतो आणि दारूचा विषय बाजूलाच पडतो, भांडण कार्डाचं होऊन बसतं. आता याच्या अगदी उलट पद्धत सांगते. येल युनिव्हर्सिटी आणि कनेटिकटच्या व्हीएमधले मानसोपचारतज्ज्ञ मार्क रोझेन यांनी एक पद्धत बसवली, तिचं नाव ॲडव्हायझर टेलर मनी मॅनेजर. त्यात पेशंट स्वतःच्या मर्जीने आपलं चेकबुक, कार्ड एका सल्लागाराकडे ठेवायला देऊ शकतो, दोघं नियमित भेटतात, महिन्याचं बजेट बसून लिहितात आणि पैसे काढायचे तर त्याच्याशी बोलून, म्हणजे हे कशासाठी, यातून तुझ्या ट्रीटमेंटला काय फायदा, हे बोलणं त्या पैशाबरोबरच होतं. ९० जणांवरच्या चाचणीत या पद्धतीतल्या लोकांच्या कोकेनच्या टेस्ट जास्त वेळा निगेटिव्ह आल्या. आणि एक काळजीची गोष्टही त्याच अभ्यासात दिसली, ती लपवणं बरोबर नाही, की या गटातल्या जास्त लोकांवर पुढे अधिकृत पैसे सांभाळणारा नेमला गेला. म्हणजे मदत म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू ताब्याकडे सरकू शकते, हे मदत करणाऱ्याने सतत डोळ्यासमोर ठेवायला हवं.

आता तुमच्या घरात हे कसं करायचं. पहिली गोष्ट म्हणजे दिवस निवडा, आणि तो एक तारखेच्या आसपासचा अजिबात नको, वीस-बावीस तारीख बघा, पैसे संपलेले असतात, डोकं जरा ताळ्यावर असतं, पश्चात्तापही असतो पण त्या पश्चात्तापावर मीठ चोळायचं नाही. मागच्या महिन्यात किती उडवले हा हिशोब त्या दिवशी काढू नका. फक्त एवढं विचारा, की एक तारखेला पैसे आले की सगळ्यात आधी काय भरलं गेलं तर तुला स्वतःला बरं वाटेल? भाडं म्हणेल, गाडीचा हप्ता म्हणेल, मुलीची फी म्हणेल, जे म्हणेल ते त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. त्याच्याच अक्षरात, हे मुद्दाम सांगतेय.

मग दोन खाती. ज्या खात्यात व्हीएचे पैसे येतात त्यातून भाडं आणि हप्ते त्याच सकाळी आपोआप जातील असं लावून द्या, आणि उरलेल्यातली ठरलेली रक्कम दर आठवड्याला दुसऱ्या छोट्या खात्यात जाईल, त्याचं कार्ड त्याच्या खिशात. एकदम हजार डॉलर हातात येण्यापेक्षा चार वेळा थोडे थोडे आले की एका रात्रीत होणारं नुकसान आपोआप लहान होतं. एटीएममधून दिवसाला किती निघावेत ती मर्यादा बँकेला सांगून कमी करता येते. ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही पैसे काढू देणं, बंद करून घ्या, अमेरिकेत २०१० पासून नियम आहे की डेबिट कार्ड आणि एटीएमच्या ओव्हरड्राफ्टची फी ग्राहकाने आधी हो म्हटल्याशिवाय बँकेला लावता येत नाही, पण पुष्कळांनी खातं उघडताना न वाचता हो म्हटलेलं असतं, ते जाऊन काढून टाकता येतं.

आणि त्या आठवड्याच्या पैशातली थोडी रक्कम अशी ठेवा जिचा हिशोब कुणी विचारायचा नाही. मला माहितीय हे वाचून तुम्ही म्हणाल की त्याची तर दारूच येणार. येईल कदाचित. पण ज्याच्याकडे स्वतःचा म्हणून एक डॉलरही नाही तो माणूस घरातली वस्तू विकतो, उधार घेतो, खोटं बोलतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की त्या छोट्या रकमेसाठी मी कायम भांडते.

एक तारीख मोकळी सोडू नका. व्हीएची अपॉइंटमेंट, ग्रुप मीटिंग, जुन्या युनिटमधल्या न पिणाऱ्या मित्राबरोबर जेवण, काहीही चालेल पण पैसे जमा व्हायच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कुणीतरी असावं आणि काहीतरी ठरलेलं असावं.

आता सगळ्यात अवघड भाग. हे पैसे सांभाळणारी व्यक्ती शक्यतो तुम्ही नसावं. बायको एकदा का खजिनदार झाली की ती बायको राहत नाही, घरात प्रत्येक बोलणं पैशावर येऊन अडतं, तो मागणार, तुम्ही नाही म्हणणार, तो चिडणार, तुम्ही घाबरून देणार, आणि मग स्वतःवर रागावणार. त्याचा भाऊ असेल, एखादा जुना फौजी मित्र असेल ज्याचं तो ऐकतो, कुणीतरी तिसरं हवं. तुमच्या स्वतःच्या पगाराचं खातं मात्र आजच वेगळं करा, त्यासाठी नवऱ्याच्या परवानगीची गरज नाही.

फिड्युशरीबद्दल, म्हणजे दुसऱ्याचे पैसे सांभाळायला अधिकृतपणे नेमलेल्या माणसाबद्दल, सासूबाई बरोबर बोलतायत पण अर्धवट. व्हीए फिड्युशरी तेव्हाच नेमतं जेव्हा तो माणूस आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे स्वतःचे व्यवहार, पैसे सांभाळायला मानसिकदृष्ट्या असमर्थ आहे असं व्हीएचं मत होतं, नुसता पितो म्हणून नाही. त्यासाठी डॉक्टरांचे कागद लागतात, आधी त्याला पत्र येतं, उत्तर द्यायला, पुरावे द्यायला साठ दिवस मिळतात, सुनावणी मागता येते. बायको फिड्युशरी होऊ शकते पण तिची चौकशी होऊ शकते, क्रेडिट बघू शकतात, माणूस भेटायला येऊ शकतो आणि हिशोब मागितला की दाखवावा लागतो. बाहेरचा फिड्युशरी असेल तर त्याला व्हीएच्या परवानगीने महिन्याच्या रकमेच्या जास्तीत जास्त ४ टक्के फी घेता येते. आणि हे फक्त व्हीएच्या पैशापुरतं, सोशल सिक्युरिटीचे पैसे येत असतील तर तिथे वेगळा माणूस नेमतात, त्याला पेयी म्हणतात, त्याचा अर्ज वेगळा. भाडं थकून घर जायची वेळ आली असेल, कुणी त्याला लुबाडत असेल, त्याला खरंच काही समजेनासं झालं असेल, तर हा रस्ता घ्या, त्यात लाज नाही. पण पहिलं पाऊल म्हणून नको, कारण एकदा सरकारने तुला पैसे कळत नाहीत असं लिहून दिलं की ते माणसाच्या आत कुठेतरी कायमचं बसतं.

दोन गोष्टी घाईघाईत सांगते पण त्या सगळ्यात महत्त्वाच्या आहेत. तो रोज भरपूर पीत असेल आणि पैसे बंद झाल्यामुळे दारू एकदम तुटली तर हात थरथरणं, घाम, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, ते जिवावर बेतू शकतं, म्हणून पैशाची ही नवी व्यवस्था सुरू करायच्या आधी डॉक्टरला सांगा. आणि घरात मारहाण होत असेल किंवा बंदूक असेल आणि तो धमक्या देत असेल तर हे बजेट वगैरे सगळं बाजूला, आधी तुम्ही, आणि मुलं असतील तर तीही, सुरक्षित जागी. व्हीएची कोचिंग इन्टू केअर म्हणून फोनवरची फुकट सेवा आहे, ती घरच्यांसाठीच आहे, आपल्या माणसाला ट्रीटमेंटकडे कसं वळवायचं ते ते लोक तुमच्याशी बोलून ठरवतात. तो यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या फोन करू शकता.

प्रश्न : मुलगा २९ वर्षांचा, मरीन्समध्ये होता. पाठीच्या दुखापतीनंतर गोळ्यांची सवय लागली, पुढे हेरॉइन. आता दोन महिने रिहॅबमध्ये राहून घरी आलाय, खूप छान वागतोय. आणि नेमकं आत्ताच व्हीएचा क्लेम, म्हणजे अपंगत्वाच्या पैशाचा अर्ज, मंजूर झाला, मागची थकबाकी मिळून चाळीस हजार डॉलरच्या वर रक्कम एकदम येणार आहे. तो ट्रक घ्यायचं म्हणतोय. एक गृहस्थ भेटलेत, ते म्हणतात क्लेम मी करून दिला म्हणून पुढच्या महिन्यांच्या पैशातला हिस्सा माझा. आम्ही दोघं रात्रभर जागे असतो. — न्यू जर्सीहून एक वडील

दादा, त्या गृहस्थाला आधी थांबवा, एकही कागद सही करू नका. पहिला क्लेम भरून देण्यासाठी फी घेणं अमेरिकन कायद्यात चालत नाही, आणि व्हीएचे पुढचे पैसे दुसऱ्याच्या नावावर लिहून देणंही कायद्याने चालत नाही. हे काम माजी सैनिकांच्या मान्यताप्राप्त संस्था, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही, फुकट करतात, बऱ्याच काउंटीमध्ये सरकारी माणूसही असतो. त्यांच्याकडे जाऊन त्या गृहस्थाने काय काय सही करून घेतलंय ते दाखवा. थकबाकी आली की असे लोक वास काढत येतात, आणि नुकता व्यसनातून बाहेर आलेला मुलगा तर त्यांना फारच सोपा वाटतो.

आता ती रक्कम. मला तुमचा मुलगा ट्रक म्हणतोय हे ऐकून थोडं बरंच वाटलं, खरं सांगते, कारण ट्रक म्हणजे उद्या कामावर जायचा विचार आहे. त्याला उडवून लावू नका. पण घाई नको, आणि घाई नको हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्याच्या रिहॅबमधल्या काउन्सेलरने सांगितलेलं जास्त चालेल. पैसे येण्याआधीच, म्हणजे या आठवड्यातच, तिघांनी बसून ठरवा की रक्कम आली की सहा महिने तिला हात लावायचा नाही, मुदतीच्या ठेवीत टाकायची, तिथून काढायची तर दोघांची सही लागेल असं खातं बघा. दर महिन्याचे जे नियमित पैसे येतील ते मात्र त्याच्याकडे. म्हणजे डोंगर बाजूला ठेवलाय आणि रोजची वाट चालायला मोकळी आहे. ट्रकचं तर असं करा की किंमत, विमा, पेट्रोल सगळं त्यालाच काढायला सांगा, तीन महिने टेस्ट क्लीन आल्या की जाऊन बघायचा.

आणि हे वाचून घाबरू नका पण वाचाच. अफूच्या जातीच्या ड्रग्जमध्ये दोन महिने थांबल्यावर शरीराची सवय उतरते. पूर्वी जेवढा डोस पचायचा तेवढाच आज घेतला तर श्वास थांबू शकतो. रिहॅबमधून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोससाठी सगळ्यात धोक्याचे असतात आणि त्यात हातात मोठी रक्कम. म्हणून घरात ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे ठेवा, व्हीएकडून माजी सैनिकांना तो फुकट मिळतो, तुम्ही आणि त्याच्या आईने तो कसा वापरायचा ते शिकून घ्या. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन अशा तलफ आवरणाऱ्या औषधांवर तो आहे का हेही विचारा. पुष्कळ घरांत ही औषधं म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरली असं समजून लवकर बंद करायला लावतात. तसं करू नका, या औषधांनी मृत्यूचं प्रमाण खूप कमी होतं.

एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते, मुलांच्या आईवडिलांना मी ती नेहमी सांगते. व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांपैकी साधारण पाचातला एक जण तिथे असताना हेरॉइन-अफूच्या आहारी गेला होता, अमेरिकेत मोठी घबराट उडाली, १९७१ मध्ये त्यासाठी वेगळी सरकारी मोहीम सुरू झाली. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की घरी परतल्यावर बहुतेकांचं ते व्यसन परत आलं नाही. जागा बदलली, माणसं बदलली, मिळणं बदललं. तुमच्या मुलाच्या बाबतीत पैसा ही त्या जागेचाच एक भाग आहे असं समजा, तो बदलून ठेवायचाय.

प्रश्न : मी स्वतःच माजी सैनिक आहे, नेव्हीत नऊ वर्षं. पाच महिने झाले दारूला हात लावलेला नाही. पैसे मात्र अजून सांभाळता येत नाहीत, क्रेडिट कार्डं, एक पेडे लोन (पुढच्या पगारापर्यंतचं छोटं, महागडं कर्ज), बिलं उघडायचीच भीती वाटते. कुणीतरी मदत करावी असं वाटतं पण मी तोंड उघडलं तर मला वेडा ठरवून माझे पैसे दुसऱ्याच्या हातात देतील का? — नाव नको

पाच महिने. हे मी आधी म्हणणार, बाकी नंतर.

मदत मागितली म्हणून कुणी तुमचे पैसे काढून घेत नाही. वर लिहिलेली साठ दिवसांची नोटीस वगैरे सगळं तुम्हालाही लागू आहे, आणि बिलं साठलीत, डोकं चालत नाही, हे काउन्सेलरला सांगणं आणि असमर्थ असणं यात फार अंतर आहे. उलट आज तुम्ही ठीक असताना ठरवून ठेवलं तर उद्या घसरलात तरी माणूस तुमच्या पसंतीचा असेल. सोशल सिक्युरिटीमध्ये २०२० पासून अशी सोय आहे की पुढे कधी पेयी लागलाच तर कोण असावं, तीन नावांपर्यंत आधीच देऊन ठेवता येतात. तुम्हाला ते पैसे मिळत असतील किंवा अर्ज केला असेल तर तीन नावं आजच लिहा. तिथे नातेवाईकाच्या नावाचं पॉवर ऑफ ॲटर्नी चालत नाही हे पुष्कळांना ऐन वेळी कळतं. आणि हेही माहीत असू द्या की १९९६ च्या कायद्यानंतर फक्त व्यसन हे कारण दाखवून सोशल सिक्युरिटीचं अपंगत्व मिळत नाही, दुसरा आजार लागतो. व्हीएमध्येही दारूचं व्यसन एकटंच असेल तर पैसे नाहीत, पण पीटीएसडीसारख्या सैन्यात झालेल्या आजारामुळे ते लागलं असेल तर २००१ च्या एका कोर्टाच्या निकालापासून ते धरलं जातं. तुमच्या रेटिंगमध्ये ते नीट आलंय का ते क्लेम बघणाऱ्या संस्थेला विचारा, अनेकांचं राहून गेलेलं असतं.

बिलं उघडायची भीती. हे आळस नाहीये, ही भीतीच आहे आणि तिच्यावर एकट्याने चालून जायचं नाही. एका माणसाला बोलवा, चहा करा, सगळी पाकिटं टेबलावर ओता आणि त्याने उघडायची, तुम्ही फक्त रक्कम आणि तारीख लिहायची. पहिल्या दिवशी एकही बिल भरायचं नाही. नुसतं लिहायचं. आकडा कागदावर आला की तो डोक्यातल्यापेक्षा बहुतेक वेळा लहान निघतो, आणि मोठा निघाला तरी आता तो आकडा आहे, रात्री छातीवर बसणारा राक्षस नाही.

पेडे लोन सगळ्यात आधी फेडा, बाकी कार्डांचं कमीत कमी भरत रहा. सैन्यात असताना मिलिटरी लेंडिंग ॲक्टमुळे तुम्हाला बहुतेक कर्जांवर वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नव्हतं, बाहेर पडलात की ते कवच गेलं, म्हणूनच हे कर्ज देणारे दुकानदार माजी सैनिकांच्या मागे लागतात. खात्यातून पेडे लोनवाल्याला परस्पर पैसे काढायची परवानगी दिली असेल तर बँकेत जाऊन ती बंद करा. व्हीएने २०१९ च्या डिसेंबरमध्ये व्हेटरन्स बेनिफिट्स बँकिंग प्रोग्रॅम सुरू केलाय, त्यातून खातं न मिळणाऱ्यांना बँक मिळते आणि पैशाचा सल्ला, कर्जाचं काउन्सेलिंगही मिळतं. घर जायची वेळ आली तर व्हीएचा एसएसव्हीएफ कार्यक्रम विचारा, तो माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना बेघर होण्यापासून वाचवण्यासाठीच आहे.

आणखी एक, मला हे फार आवडतं म्हणून सांगते. वर सांगितलेल्या रोझेन यांच्या पैसे सांभाळण्याच्या पद्धतीतून गेलेल्या लोकांची नंतर एक तपासणी झाली, आज थोडे घेशील की थांबून जास्त घेशील असे प्रश्न विचारून. व्यसनात माणूस आजचे थोडेच घेतो. पैसे आखायला शिकलेल्यांमध्ये थांबायची ताकद दुसऱ्या गटापेक्षा जास्त टिकलेली दिसली. तुम्ही दर रविवारी वीस मिनिटं वहीत पुढच्या आठवड्याचे पैसे लिहिता ना, तेव्हा तुम्ही तेच शिकत असता. पाच महिन्यांत दारूवर न गेलेले पैसे किती तेही एका पानावर लिहा.

प्रश्न : आम्ही काही जण माजी सैनिकांसाठी व्हॉलंटिअर म्हणून काम करतो. टेस्ट क्लीन आली की बक्षीस द्यायचं असं ऐकलं, पण व्यसनी माणसाला पैसे देणं म्हणजे आगीत तेल नाही का?

नाही, पण रोख देऊ नका. याला कंटिन्जन्सी मॅनेजमेंट म्हणतात आणि कोकेन, मेथसारख्या उत्तेजक ड्रग्जसाठी, जिथे अजून मान्यताप्राप्त औषध नाही, तिथे हीच सगळ्यात जास्त पुरावा असलेली ट्रीटमेंट आहे. व्हीएने २०११ पासून ती आपल्या दवाखान्यांत सुरू केली. संशोधक नॅन्सी पेट्री यांच्या पद्धतीत माशाच्या भांड्यासारख्या भांड्यात चिठ्ठ्या असतात, आठवड्यात दोनदा टेस्ट, क्लीन आली की चिठ्ठी काढायची, अर्ध्या चिठ्ठ्यांवर नुसतं शाबास लिहिलेलं असतं, बाकीच्यांवर छोटी बक्षिसं आणि क्वचित मोठं, आणि सलग क्लीन राहिलं की चिठ्ठ्या वाढतात. व्हीएमध्ये बक्षीस म्हणून त्यांच्याच कॅन्टीनची कूपनं देतात. बक्षीस त्याच वेळी द्यायचं, पुढच्या आठवड्यात देऊ म्हटलं की परिणाम गेला. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ओरडायचं नाही, परवा ये एवढंच. हे ट्रेनिंगशिवाय स्वतःच्या मनाने सुरू करू नका, जवळच्या व्हीएच्या व्यसनमुक्ती विभागाला जोडून घ्या.

प्रश्न : भाऊ आर्मीतून बाहेर आल्यापासून मेथ घेतो. मी दुसऱ्या राज्यात. रात्री दोन वाजता फोन येतो, ताई दोनशे डॉलर टाक, नाहीतर मला घराबाहेर काढतील. आजवर किती टाकले मोजत नाही. नाही म्हटलं आणि त्याने जिवाचं काही केलं तर? — एक बहीण

ताई, पैसे आणि जीव हे दोन प्रश्न त्याच्या फोनमध्ये एकत्र बांधून येतात, तुम्ही ते सोडवून वेगळे धरा.

पैशाचं उत्तर आजच, दिवसा, त्याला मेसेज करून कळवून ठेवा म्हणजे रात्री दोनला नव्याने ठरवायला नको. की मी तुझ्या खात्यात पैसे टाकणार नाही, पण भाडं थकलं तर घरमालकाचं नाव, नंबर दे, मी जमेल तेवढं थेट त्याला भरेन. वीज, फोन, औषध, तसंच. तो भडकेल, दोन-तीन वेळा पूर्वीपेक्षा जास्त जोराने मागेल, तिथे एकदा जरी दिलेत तरी पुढच्या वेळी त्याहून जोर लावेल, म्हणून आधी मनाची तयारी करा आणि घरात आणखी कोण कोण त्याला पैसे पाठवतं त्या सगळ्यांना फोन करून एकच उत्तर ठरवा. आईला पण.

जिवाचं उत्तर वेगळं. तो मरायचं बोलला तर ती धमकी आहे की खरं, हे तुम्ही फोनवर ठरवायचं नाही. सरळ विचारा, तू जीव द्यायचा विचार करतोयस का, विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही. जवळ बंदूक आहे का तेही विचारा. हो म्हणाला तर त्याला ९८८ लावून पुढे १ दाबायला सांगा, ती माजी सैनिकांसाठीची लाइन आहे, चोवीस तास, आणि तो लावत नसेल तर तुम्ही स्वतः लावा, घरच्यांनी लावलेला फोनही ते घेतात. धोका आत्ताच असेल तर ९११, आणि पत्ता त्याच्या गावचा सांगा, तुमचा फोन तुमच्या राज्यात लागेल म्हणून. जानेवारी २०२३ पासून नियम आहे की आत्महत्येच्या तातडीच्या अवस्थेतल्या पात्र माजी सैनिकाला जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये नेता येतं, व्हीएचं नसलं तरी, त्याचं व्हीएत नाव नसलं तरी, आणि त्याचा खर्च व्हीए करतं. त्याच्या गावातल्या जवळच्या हॉस्पिटलचं नाव, घरमालकाचा नंबर आणि तो ज्याचं ऐकतो अशा एका मित्राचा नंबर, तिन्ही आजच एका कागदावर लिहून फोन चार्जिंगला लावता तिथे चिकटवा.